हप्ता, उपवासकाळ आणि तेरावं स्तोत्र

हे प्रकरण गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या, उसगाव-डिचोलीच्या बाजूच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या संमतीनं लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, अडचणीतल्या कुटुंबांना सोबत करण्याचं काम आम्ही काही जण करतो, त्या कामातून हे घर जवळून पाहता आलं.

नवरा मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला, कॅथलिक. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात आईबरोबर जाणारा मुलगा विशीत गोव्यात ड्रायव्हर म्हणून आला आणि इथलाच झाला. बायको सावंतवाडीकडची, एका शाळेत मदतनीस. दोन मुलं. घरात मराठी, शेजारी मराठी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मात्र कोंकणीत. ती त्याला कळायची, पण स्वतःची प्रार्थना तो मराठीतच करायचा.

आधी खाणीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाणीतून निघालेलं खनिज टिपरमधून नदीच्या धक्क्यावर जातं, तिथून बार्जमधून मांडवी किंवा झुआरीच्या वाटेनं मुरगाव बंदरात. मधला रस्त्याचा टप्पा हजारो छोट्या ट्रकमालकांच्या जिवावर चालायचा. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता हे सगळं मालकाच्या खिशातून. पावसाळ्यात वाहतूक जवळजवळ थांबते, म्हणजे कोरड्या महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. आमच्या माणसानं पहिली बंदी बायकोचे दागिने मोडून काढली होती. पुन्हा काम सुरू झाल्यावर त्याला वाटलं, वाईट काळ सरला. २०१६ मध्ये त्यानं कर्ज काढून दुसरा, नवा टिपर घेतला.

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. आठवड्यानं राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या. तो उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट, येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा स्थानांची प्रार्थना. नवरा त्या दिवशी गेला, गुडघ्यांवर बसला, आणि नंतर म्हणाला की चौदा स्थानांपैकी एकही त्याला आठवत नव्हतं. डोक्यात फक्त हप्त्याची तारीख होती.

न्यायालयाचा निर्णय योग्य होता की नव्हता, हा इथला विषय नाही. बेकायदा खाणकामानं ज्यांची शेती आणि पाणी गेलं, त्यांचंही दुःख खरंच आहे, आणि तेही आमच्याच चर्चमध्ये बसतात. मुद्दा एवढाच की या घरासाठी उत्पन्न एका तारखेला शून्य झालं. दोन्ही टिपर अंगणात. रेती-खडीच्या कामाला जावं तर त्याच कामावर सगळ्या पट्ट्यातले टिपर तुटून पडलेले. हप्ता नव्वद दिवस थकला की बँकेच्या हिशेबात खातं बुडीतकडे जातं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तसंच झालं.

पहिले आले ते कारण सांगणारे

मदतीला माणसं आली नाहीत असं नाही. आली, आणि लवकर आली. एका प्रार्थनामंडळातली चार-पाच माणसं घरी येऊन बसली, गाणी म्हटली, डोक्यावर हात ठेवले. त्यात खोट नव्हती. पण उठताना एकानं विचारलं, ‘घरात काही अडथळा आहे का? कोणाला क्षमा करायची राहिली आहे का?’ नवऱ्याला आठवलं, गावच्या जमिनीवरून थोरल्या भावाशी अबोला आहे. त्यानं फोन लावला. दोघे भाऊ फोनवर रडले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण ती बँकेचा हप्ता भरण्यासाठी केली गेली होती, आणि हप्ता काही भरला गेला नाही. पुढच्या वेळी दुसरं कारण निघालं, विश्वास अपुरा आहे हे. मग उपास, मग नऊ दिवसांच्या प्रार्थना, मग पुन्हा नऊ दिवसांच्या. प्रत्येक वेळी उत्तर न येणं हा त्याच्याविरुद्धचा आणखी एक पुरावा ठरत गेला.

या टप्प्यावर थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. विश्वासानं मागितलं की मिळतंच, हे सूत्र पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून आहे असं सांगणाऱ्यांनी गेथशेमाने बागेतला, क्रुसावर जाण्याआधीच्या रात्रीचा प्रसंग कसा वाचला असेल? येशूनं तिथे, हा प्याला माझ्यापुढून टळो, असं मागितलं. टळला नाही. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच उत्तर मिळालं. या दोघांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचं उदाहरण तर शिकवणीच्या वर्गात सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, पण त्यातलं अर्धंच लक्षात राहतं. ते मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथे बिघडलं. शेवटी देव रागावतो तो या धर्मशील बोलणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडलेल्या ईयोबाबद्दल मात्र तो म्हणतो, माझ्याविषयी हाच नीट बोलला.

मे महिन्यापासून नवऱ्यानं चर्चला जाणं सोडलं. बायकोला वाटलं श्रद्धा गेली. त्यानं मला सांगितलेलं कारण वेगळं आहे: ‘दानाची पिशवी पुढे आली की खिशात हात घालावा लागतो. शेजारच्याला कळतं.’ गावात फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, वर्गणीची यादी वाचली जाते, तिथेही तेच. पैशाची लाज माणसाला देवळातून किती सहज बाहेर काढते, हे आम्ही चर्चमध्ये काम करणारे फार उशिरा ओळखतो.

बायको मात्र बाहेर पडत राहिली. त्या एप्रिलात ती शेजारणीबरोबर म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला गेली. शेजारीण हिंदू, तिच्या हातात तेलाची बाटली. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची सायबीण या बहिणी, ही इथली जुनी समजूत, त्यामुळे या फेस्ताला दोन्हीकडची गर्दी असते. शेजारणीच्या घरचाही टिपर उभाच होता. बायको म्हणते, त्या रांगेत कोणी कोणाला तुझं काय चुकलं म्हणून विचारत नव्हतं, एवढ्यानंच तिला बरं वाटलं.

विम्याची कागदं

जूनमधल्या एका रात्री नवऱ्यानं विचारलं, विम्याची कागदं कुठे आहेत. ट्रकच्या नाही, स्वतःच्या. बायकोनं काही विचारलं नाही, रात्रभर जागी राहिली आणि सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे गेली. गोव्यात अशा बाईंना सगळं गाव टीचर म्हणतं. कोंकणी घरातल्या, पण मराठी शाळेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मराठी स्वच्छ. वाड्यावरच्या छोट्या ख्रिस्ती समुदायाचं काम त्या बघायच्या.

टीचर दुपारी आल्या त्या पेजेचं भांडं आणि खारातली कैरी घेऊन. प्रार्थना केली नाही. तो जेवेपर्यंत बसल्या, पावसाच्या आणि मुलांच्या गोष्टी केल्या, आणि जाताना म्हणाल्या, ‘उद्या सकाळी आपण तिघं बांबोळीला जाऊ. डॉक्टरांना झोपेचं सांगायचं. मी रिक्षा सांगते.’ बांबोळीचं मनोरुग्णालय म्हटलं की लोक काय म्हणतील, हा विचार नवऱ्याच्या तोंडावर आला असणार. टीचर त्यावर म्हणाल्या, ‘एलिया संदेष्टासुद्धा आधी जेवला आणि झोपला. देव त्याच्याशी नंतर बोलला.’

ही गोष्ट पवित्र शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात आहे. जिवाला कंटाळलेला एलिया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो, पण उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, आणि कारण सांगतो ते एवढंच की पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. मरण मागितल्याबद्दल एका शब्दानंही रागावत नाही. मी ही गोष्ट अनेकदा ऐकली होती. पण एखाद्याला डॉक्टरकडे न्यायला ती कामी येईल, असं मला कधी सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. तीन-चार आठवड्यांत झोप यायला लागली. विम्याच्या कागदांची फाईल टीचरनी तोवर स्वतःच्या कपाटात ठेवली होती. हे आज वाचणाऱ्या कोणाच्या घरी अशी रात्र आली, तर १४४१६ हा सरकारी टेली मानस सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तेव्हा तो नव्हता.

देवाला असं बोलतात का

जुलैमध्ये टीचरनी त्याच्या हातात मराठी पवित्र शास्त्र दिलं आणि त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. सहाच ओव्यांएवढं आहे ते. सुरुवातीलाच ‘किती काळ’ हा सवाल चार वेळा येतो: किती काळ मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार, किती काळ मी मनातल्या मनात झुरायचं, किती काळ वैऱ्यानं माझ्यावर मात करायची. तो दुसऱ्या ओळीवर थांबला.

‘टीचर, देवाला असं बोलतात का?’

‘आपण नाही बोलत. दावीद राजानं बोलून ठेवलंय. तू नुसतं वाच.’

स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणजे स्तुतीच, अशी आपली समजूत असते. मोजायला बसलं तर विलापाची स्तोत्रं सगळ्यात मोठ्या गटात येतात. बहुतेकांचा शेवट भरवशावर होतो, तेराव्याचाही होतो. पण अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, आणि शास्त्र गोळा करणाऱ्यांनी ते काढून टाकलं नाही. क्रुसावर येशूनं उच्चारलेली ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही ओळ बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे सगळ्यात कठीण घटकेला त्यानंही शब्द उसने घेतले, आणि तेही तक्रारीचे.

शेजाऱ्याला हे ऐकून मुळीच नवल वाटलं नाही. तो साखळीच्या विठ्ठलमंदिरात भजनाला बसणारा. म्हणाला, ‘त्यात काय? आमच्या तुकोबाचं दुकान बुडालं, दुष्काळात बायको अन्नावाचून गेली. तो विठोबाशी काय कमी भांडला?’ मराठीत देवाशी भांडण्याची वहिवाट जुनी आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणूस ती वापरायला का लाजतो, मला कळत नाही. याच गोव्यात, रायतूरच्या छापखान्यातून, फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये ओवीतच बाहेर पडलं होतं.

पुढचे काही आठवडे तो रोज एक विलापाचं स्तोत्र मोठ्यानं वाचायचा. मुलं बाहेरच्या खोलीत असायची. बायको सांगते, आधी घरात त्याचा राग ताटावर, मुलाच्या मार्कांवर, तिच्या उशिरा येण्यावर निघायचा. तो हळूहळू कमी झाला. हे औषधानं झालं की स्तोत्रांनी, याचा निवाडा मी करणार नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

कुरेनेकर शिमोन

घरात स्तोत्र चालू असलं तरी बँकेच्या नोटिसा यायच्या थांबल्या नव्हत्या. धर्मग्रामात एक निवृत्त बँक अधिकारी होते. फादरनी त्यांना विचारलं, ते एका शनिवारी घरी आले आणि सगळे कागद जमिनीवर मांडून बसले. तोवर नवऱ्यानं बँकेची चार पाकिटं उघडलीच नव्हती. नव्या टिपरचं मूळ कर्ज किती, थकलेलं किती, दंडव्याज किती, आरसी बुकावर कोणाचा बोजा, जुना टिपर मोकळा आहे की नाही, हे सगळं एका वहीच्या पानावर आलं. मग ते त्याच्याबरोबर शाखेत गेले. शाखा कोणती ते सांगत नाही. पहिल्या दोन वेळी साहेब भेटले नाहीत, तिसऱ्या वेळी भेटले. जुना टिपर मिळेल त्या भावाला, म्हणजे अगदी पडेल भावाला विकला, थकबाकीचा काही भाग भरला, उरलेल्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता खाली आणला. गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आमच्या शाखेनं मुलांची फी आणि बसचा पास भरला. यादी वाचली गेली नाही, पावती थेट शाळेत गेली.

क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन येतो. शेतावरून परतणारा वाटसरू, त्याला धरून क्रूस उचलायला लावलं. अधिकाऱ्यांना मी गमतीनं शिमोन म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, ‘शिमोनाला जबरदस्तीनं लावलं होतं. मला तर फादरनी फक्त फोन केला.’ पण देवाच्या पुत्रालासुद्धा क्रूस एकट्यानं शेवटपर्यंत नेता आला नाही, हे दर शुक्रवारी गुडघ्यांवर बसून आपण म्हणतो, आणि मग कर्जबाजारी माणसानं तो एकट्यानं न्यावा, अशी अपेक्षा ठेवतो. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं आहे, आणि तीन ओळींनंतर ज्यानं त्यानं आपला भार वाहावा असंही आहे. अधिकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. कर्ज फेडलं नाही, कागद वाचले.

गोव्याच्या संतांपैकी या घरात सेंट फ्रान्सिस झेवियरचा फोटो होता. टीचरनी त्याच्या शेजारी बाणावलीच्या जुझे वाझांचा लावला. वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेला गेले. कँडीच्या राजानं पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं, तिथे ते सिंहली शिकले, पुढे देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली आणि १७११ मध्ये तिथेच वारले. गोव्याला परत आलेच नाहीत. पोप फ्रान्सिसनी १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्यांना संतपद दिलं. तुरुंगातून देवदूतानं सोडवलं वगैरे त्यात काही नाही, तुरुंगात असताना ते एक भाषा शिकले एवढंच. नवऱ्याला ही गोष्ट का लागू पडली ते मला २०१८ च्या डिसेंबरात कळलं. त्यानं वेर्ण्याच्या एका कारखान्याच्या कामगार-बसवर ड्रायव्हरची नोकरी धरली होती. मालक असलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसला, तेही ओळखीच्या माणसांना रोज घेऊन जाणाऱ्या.

काय जमलं, काय नाही

नवा टिपर शेवटी २०१९ मध्ये विकावा लागला. कर्जाचा उरलेला भाग पगारातून फिटत राहिला. त्या काळात खाणी सुरू झाल्या नाहीत, चमत्कार म्हणावं असं काही घडलं नाही. मोठा मुलगा आयटीआयला गेला. त्याला दुसरं काही शिकायचं होतं. बायको त्या प्रार्थनामंडळाच्या सभेला आजही जात नाही, आणि आम्ही तिला आग्रह करत नाही.

एक गोष्ट मला खुपते. या घराला टीचर मिळाल्या, अधिकारी मिळाले, कारण हे घर धर्मग्रामाच्या यादीत होतं. अशाच टिपरवर बसणारे कितीतरी ड्रायव्हर बाहेरच्या राज्यांतले होते, पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांत राहायचे. मार्चनंतर ते निघून गेले आणि आम्ही त्यांची चौकशीही केली नाही. त्यात ख्रिस्तीही होते, नसलेलेही. पेजेचं भांडं त्यांच्या दारात गेलं नाही.

आमच्या समितीत यानंतर दोन बदल झाले. घरी भेटीला जाणाऱ्यांनी संकटाचं कारण सांगायचं नाही, शोधायचंही नाही, असं ठरलं. यावर बराच वाद झाला. पापाविषयी बोलायचंच नाही का, असं एका ज्येष्ठानं विचारलं. फादरनी उत्तर दिलं की त्यासाठी पापनिवेदन, म्हणजे फादरपुढे आपली पापं सांगण्याचा विधी, आहे, आणि तिथे माणूस स्वतःच्या पायांनी येतो. दुसरा बदल म्हणजे कागद वाचू शकणाऱ्या माणसांची एक यादी केली: बँकेतले, वकील, एक परिचारिका.

हे टिपण लिहून झाल्यावर मी नवरा-बायकोला वाचून दाखवलं. बायकोला वाटलं, स्तोत्रांविषयी मी कमी लिहिलंय. त्या आठवड्यांत भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा तेव्हा, हा माणूस अजून आहे, हे तिला कळायचं. नवऱ्याचं मत उलट. ‘स्तोत्राला तुम्ही फार दिलंत,’ तो म्हणाला. ‘हप्ता खाली आला त्या दिवशी मला खरी झोप लागली. तेवढं आधी लिहा.’ दोघांचा वाद माझ्यासमोरच सुरू झाला, आणि मी मजकूर होता तसाच ठेवला.